तेल आधी बसतं

आमच्या घरी पाहुणा आला की दादा त्याला 'या, बसा' म्हणायच्या आधी नजरेने तोलून घ्यायचे. दादा म्हणजे माझे वडील. पाहुणा चप्पल काढायला वाकेपर्यंत दादांच्या मनातला काटा हलून थांबलेला असायचा. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला हळूच सांगायचे, "अडुसष्ट. पिशवीसकट सत्तर." आई म्हणायची, "अहो, चहा किती कप टाकू ते सांगा." एकदा मामाने पैज लावली आणि कोपऱ्यावरच्या वखारीत जाऊन लाकडं तोलायच्या काट्यावर उभा राहिला. दादांचा आकडा किलोभराने चुकला. दादा म्हणाले, "खिसे रिकामे कर." मामाच्या एका खिशात कुलूप निघालं, दुसऱ्यात मूठभर खिळे. त्या दिवसापासून नातेवाइकांत दादा म्हणजे चालता-बोलता काटा झाले, आणि जाड्या आत्याने आमच्याकडे येणं कमी केलं.

ही विद्या त्यांना नोकरीने दिली होती. आमचं घर नाशिकला, आमच्या वस्तीतल्या बौद्ध घरांच्या ओळीत शेवटचं. पण सत्तरच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत दादा मुंबईला विमानतळावर कामाला होते. कंपनी लहानशी होती, आता तिचं नावही कोणाला आठवायचं नाही. तिच्याकडे दोन-तीन जुनी, पंख्यांची विमानं होती. विमान सुटण्याआधी त्यात किती वजन चढायचं, ते कुठे ठेवायचं आणि कोणाला घ्यायचं नाही, हे ठरवायचं काम दादांचं. सुट्टी मिळाली की ते रेल्वेने घरी यायचे. इगतपुरी मागे पडली की डोक्यातले आकडे गळून पडतात, असं म्हणायचे. ते काही खरं नव्हतं.

मला त्यांनी हे काम एकदा समजावून सांगितलं होतं. मी तेव्हा शाळेत होते आणि मला वाटायचं की विमानात जेवढ्या खुर्च्या तेवढी माणसं, एस. टी.सारखं. दादा हसले. म्हणाले, "तेल आधी बसतं. माणसं मागून." त्यांनी डोक्यावर कळशी घेतलेल्या बाईचा दाखला दिला. तिला लांब जायचं असेल तर पाणी जास्त घ्यावं लागतं. पाणी जास्त घेतलं तर कडेवरचं पोर खाली ठेवावं लागतं. पोर घ्यायचंच म्हटलं तर पाणी कमी, म्हणजे वाट अर्धी. ऊन वाढलं की हवा पातळ होते आणि विमानाची ताकद कमी होते, मग पाणीही कमी आणि पोरही खाली. "बाई तीच, कळशी तीच, पोर तेच," दादा म्हणाले, "फक्त वाट लांब झाली. तेवढ्यानं सगळं बदलतं."

त्यांच्या कंपनीत वाट लांब झाली होती. ती विमानं जवळच्या गावांसाठी घेतलेली. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येणारी. मग कोणा साहेबाने नकाशावर पट्टी ठेवली आणि मुंबईहून कलकत्त्याला, मध्ये कुठे न टेकता, अशी जाहिरात केली. मारवाडी आणि गुजराती व्यापारी लोकांनी उड्या टाकल्या. दादा घरी येऊन ताटावर बसले की पुटपुटायचे, "हे विमान त्या वाटेचं नाही." तिकिटं सगळ्या खुर्च्यांची विकली जात, आणि तेल भरून झालं की मागच्या खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागत. पैसे भरून आलेल्या माणसाला रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून 'तुम्हाला घेता येत नाही' असं सांगायचं. लोक दादांच्या अंगावर धावून येत. दादा हे सगळं हसून सांगायचे. एका वैशाखापर्यंत.

त्या दिवशी काय झालं ते दादांनी मला एका बैठकीत कधीच सांगितलं नाही. थोडं आईला सांगितलं, थोडं तापात बरळले, थोडं मी वयाने वाढल्यावर माझ्याशी बोलले. सगळं जोडलं तर ते असं आहे.

कलकत्त्याकडे दुपारनंतर वादळं उठायची, ते दिवस होते. वैमानिकाने निरोप पाठवला, तिकडे उतरता आलं नाही तर दुसरीकडे वळण्यापुरतं तेल जादा हवं. तेल जादा म्हणजे माणसं कमी. दादांनी हिशेब केला. दोन सडपातळ माणसं सामानासकट उतरवली की भागत होतं. अशा वेळी काउंटरवरचा रिवाज होता, जो शेवटी आला तो आधी उतरला. शेवटी आलं होतं एक नवं जोडपं. मुलाला कलकत्त्याला नोकरी लागलेली, मुलीच्या हाताची हळद अजून गेली नव्हती. दादांनी त्यांना सांगितलं, आज दोघांपैकी फार तर एकालाच जाता येईल. तेही विमानातलं इतर काही सामान मागे ठेवलं तर.  मुलगी म्हणाली, "काका, एकट्यानं जाऊन काय करायचं हो?" ती रडली नाही, तिने हट्टही केला नाही. खरंच काय करायचं असतं, असं विचारल्यासारखं विचारलं.

दादांनी मान वर केली. रांगेत पुढे सटाण्याकडचे एक कांद्याचे व्यापारी उभे होते. भरदार माणूस, सोबत दोन पेट्या. दादांच्या डोळ्यांनी त्यांचं काम केलं. हा एक माणूस आणि त्याच्या पेट्या म्हणजे ते दोघं. दादांनी व्यापाऱ्याला बाजूला काढलं आणि जोडप्याला आत सोडलं.

व्यापाऱ्याने विमानतळ डोक्यावर घेतला. "खुर्च्या रिकाम्या दिसी राहिन्यात अन् माले उतरवतस? तुम्ही माणसं तोलतस का कांदा?" दादांची ही अहिराणी नक्कल मी एकदाच ऐकली आहे, पण त्यात त्यांना हसू येत नव्हतं.

विमान कलकत्त्याला पोचलं नाही. वादळात सापडून डोंगरात पडलं, कोणी वाचलं नाही.

पुढे चौकशी झाली. वजनात खोट निघाली नाही, तेलात खोट निघाली नाही. दादांचा हिशेब बरोबर होता, असं साहेब लोकांनी लिहून दिलं. आई ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची. दादांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ते म्हणायचे, "हिशेब बरोबरच होता. मी दया केली तिथं चुकलो." रिवाजाने चालले असते तर ती दोघं त्या रात्री मुंबईतच कोणाकडे तरी झोपली असती, आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने शिव्या देत गेली असती. एवढंच. एवढंच ते मरेपर्यंत धरून बसले.

त्यांनी ती नोकरी सोडली आणि सातपूरला एका कारखान्याच्या भांडारात लागले. तिथे माल मोजायचा होता, पण नगावर. वजनावर मोजायचं काम आलं की दुसऱ्याला द्यायचे. घरी पाहुणा आला तरी आकडा सांगेनासे झाले. मला आधी वाटलं, सुटली ती सवय. मग एकदा कॉलेज रोडवरून आम्ही चालत येत होतो. समोरून एक तरुण जोडपं आलं, ती त्याच्या दंडाला धरून चालत होती. दादा जागच्या जागी उभे राहिले. ओठ हलत होते. ते त्या दोघांना एकत्र तोलत होते. जोडपं निघून गेलं तरी ते हलले नाहीत, आणि मी त्यांचा हात धरला तेव्हा म्हणाले, "बसतात गं. दोघंही बसतात." भर दुपारी, रस्त्यावर, उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

लग्नाला जाणं त्यांनी बंद केलं. तसं जाणं भागच पडलं तर वधूवर उभे राहिले की ते मंडपाबाहेर यायचे. आमच्याकडच्या लग्नांत बुद्धांच्या मूर्तीसमोर सगळे शांत उभे राहतात, त्या शांततेत त्यांना ती मुलगी बोललेली ऐकू येते, असं ते आईला म्हणाले. आमचं घर देवधर्म न मानणारं. भूत-खेत, नवस-सायास, उतारे यांची वडिलांनी आयुष्यभर टर उडवली होती. आणि त्यांच्याच मानगुटीवर ती दोघं बसली, आणि उतरवायला मांत्रिक बोलावायची सोयही नाही!

हे एवढं पुरे नव्हतं म्हणून की काय, तो व्यापारी आमच्या घरी यायला लागला.

अपघातानंतरच्या पहिल्याच वैशाखात आला. पत्ता कुठून काढला देव जाणे. दारात कांद्याचं पोतं उतरवलं, आत आला आणि दादांच्या पायांवर लोटांगण घातलं. "तुम्ही मना देव शेतस, साहेब. तुम्ही नसतात तर मी आज फोटोत राहिलो असतो." दादा मागे सरकून भिंतीला टेकले. म्हणाले, "आमच्यात पाया पडत नाहीत. उठा." तो उठेना. त्याने वणीच्या देवीला स्वतःची गुळाची तुला केली होती. जेवढं वजन तेवढा गूळ वाटला होता. ज्या वजनाने वाचलो ते देवीला दिलं, म्हणाला. त्या गुळाचा खडा त्याने दादांच्या हातावर ठेवला. दादांनी तो तोंडात टाकला नाही, खालीही ठेवला नाही. माणूस जाईपर्यंत तो त्यांच्या मुठीत वितळत राहिला.

मग दर वैशाखाला तेच. तेच पोतं, तेच लोटांगण. तो गेला की दादा आठवडाभर घासभर जेवायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. मला त्या माणसाचा असा संताप यायचा! कांदे फुकट मिळतात म्हणून आई खूश, असं मी एकदा बोलले आणि आईने मला फटकारलं. "त्याच्या जिवाला बरं वाटतं. यांच्या जिवाला कशानंच वाटत नाही. निदान एकाच्या तरी वाटू दे." एका वर्षी मी दारातच त्या व्यापाऱ्यांना सांगितलं, दादा घरी नाहीत, केव्हा येतील माहीत नाही. ते "बरं पोरी" म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले. उन्हातून आलेला एवढा मोठा माणूस, पाणीसुद्धा मागितलं नाही. मला अजूनही वाटतं मी बरोबर होते. दादांना मात्र दर वर्षी एकच सांगायचं असायचं, की तुम्ही देवामुळे वाचला नाहीत आणि माझ्यामुळेही नाही; तुमच्या जागी दोघांना मी पाठवलं. ओठांपर्यंत यायचं. समोर तो माणूस इतक्या श्रद्धेने बसलेला असायचा की शब्द परत आत जायचे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मी शिक्षिका म्हणून नोकरीला लागले त्या सुमाराला, व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. आमंत्रण द्यायला ते स्वतः आले. मधुमेहाने सुकले होते. सदरा अंगावर लोंबत होता. त्यांनी ठरवलं होतं की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, नव्या जोडप्याच्या हातून, दादांची गुळाची तुला करायची. सगळ्या सटाण्याला जेवण. "नाही म्हणू नका साहेब. माले फार दिवस राहिना नहीत."

दादा नाही म्हणाले. आईने दोन दिवस त्यांच्याशी वाद घातला. तिलाही धाकधूक होतीच. एवढ्या मोठ्या घरच्या पंगतीत आपल्याला कुठे बसवतील, हे ती मला हळूच विचारत होती. पण ती म्हणाली, "मरायला टेकलेला माणूस आहे. बसा हो तराजूत. तुमचं काय जातंय?" दादांचं काय जात होतं ते तिला पक्कं माहीत होतं. तरी म्हणाली. शेवटी दादा मला म्हणाले, "चल. या खेपेला सांगूनच टाकतो." एस. टी.त ते सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत होते.

पंगतीत आम्हाला घरच्या माणसांच्या ओळीत बसवलं. दादांनी भाताला हात लावला नाही.

तुला कांद्याच्या चाळीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. मोठा तराजू आढ्याला साखळदंडांनी टांगलेला, एका पारड्यावर पांढरी चादर, शेजारी गुळाच्या ढेपांची रास. शेदीडशे माणसं जमली होती. दादा पारड्यात मांडी घालून बसले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. जन्मभर माणसं तोलणारा माणूस, आणि लोक त्याच्याकडे देव्हाऱ्यातल्या देवाकडे पाहावं तसं बघत होते. व्यापाऱ्याची मुलगी आणि जावई पुढे आले. तिच्या हाताला हळद होती. दोघांनी मिळून एक ढेप उचलली आणि दुसऱ्या पारड्यात ठेवली. मग दुसरी. दादांचं पारडं किंचित हललं.

"थांबा," दादा म्हणाले.

ते पारड्यातून उतरले. मी हात द्यायला धावले. त्यांनी जोडप्याकडे बघितलं नाही. व्यापाऱ्याला म्हणाले, "यांना बाहेर पाठवा. सगळ्यांना. मला तुमच्याशी बोलायचंय." लोकांना वाटलं उन्हाने चक्कर आली. मी पाणी घेऊन तिथेच राहिले, मला कोणी जा म्हटलं नाही. दोघं गुळाच्या ढेपांशेजारी पोत्यांवर बसले आणि दादांनी सगळं सांगितलं. मुलगी काय म्हणाली ते, रिवाज काय होता ते, नजरेने कसं तोललं ते. "मी तुम्हाला वाचवलं नाही. मला ती दोघं एकत्र पाठवायची होती. तुम्ही आड आलात वजनानं, म्हणून काढलं. एवढंच. आता मला पुन्हा देव म्हणू नका."

व्यापारी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस आमच्या तोंडावर थुंकणार, आणि थुंकला तर मी काय करणार ते मी ठरवून ठेवलं होतं.

"माले माहीत शे," ते म्हणाले.

त्यांना सगळं माहीत होतं. ते तिथेच तर उभे होते. त्या दोघांसाठी आपल्याला काढलं हे न कळायला ते काय खुळे होते? मग ते जे बोलले ते इतक्या हळू बोलले की दादा पुढे वाकले. विमानाकडे जाताना तो मुलगा अर्ध्यातून परत आला होता. कठड्यापाशी, जिथे व्यापारी संतापाने थरथरत उभे होते तिथे. हात जोडून म्हणाला, "काका, माफ करा. आमच्यामुळं तुम्ही राहिलात."

"अन् मी काय म्हननो माहीत शे?" व्यापाऱ्यांनी विचारलं. "मी म्हननो, जा, मरा तिकडं. त्यानं हात जोडेलच व्हते, साहेब. तसाच मागं सरकना. पोरगी लांबून त्याले हाका मारी राहिनती."

दर वर्षी ते हेच सांगायला यायचे. दादांनी ते ऐकलं असणार, अशी त्यांची खात्री होती. आपल्या जिभेने ती दोघं मेली हे जगात फक्त या माणसाला ठाऊक आहे आणि हा मोठेपणाने बोलत नाही, असं त्यांना वाटायचं. दारात आलं की धीर सुटायचा. मग ते पायांवर पडायचे, कारण पायांवर पडलं की तोंड दिसत नाही.

दादांनी काही ऐकलं नव्हतं. ते काउंटरमागे होते, बाहेर दुसऱ्या विमानाचे पंखे चालू होते. ते त्या सुकलेल्या माणसाकडे वळले. मग शाळेतल्या जुन्या मास्तरांसारखे, ठाम आवाजात म्हणाले, "शब्दानं विमान पडत नाही."

"तुम्ही सांगतस म्हणजे खरंच असंल." व्यापाऱ्यांनी डोळे पुसले. "मग साहेब, दयेनं तरी कसं पडंल?"

 दादांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्याने, लहान मुलासारखे रडायला लागले. अपघात झाला तेव्हा ते रडले नव्हते. माझे आजोबा गेले तेव्हाही नाही. मी तांब्या धरून तशीच उभी, आणि मला भीती वाटली. माझ्या वडिलांच्या आत इतकी वर्षं हे होतं आणि ते रोज डबा घेऊन सातपूरला जात होते.

बाहेर आचारी वाढपी लोकांवर ओरडत होता. थोड्या वेळाने व्यापाऱ्यांनी विचारलं, "त्यास्ना नाव काय व्हतं, साहेब? माले नाव भी माहीत नहीत."

दादांनी नावं सांगितली. आधी मुलीचं, मग मुलाचं. आईला ती कधी कळली नव्हती, मलाही नाही; इतक्या वर्षांत त्यांनी ती एकदाही उच्चारली नव्हती. व्यापाऱ्यांनी ती हळूच म्हणून बघितली, पुन्हा म्हटली. त्या शेडमध्ये आम्ही तिघं होतो, आणि दोन माणसं आत आली असावीत तसे ते दोघेही थोडं सरकून बसले.